एकशे त्रेचाळीस चौकटी

“माझ्या खुर्चीवर कोण बसलं व्हतं?”

गोरोबानं दारातूनच विचारलं. उत्तर मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. कीबोर्डच्या एंटरवर भज्याच्या तेलाचा ठसा होता, स्पेसबारवर कोथिंबिरीचं वाळकं पान चिकटलं होतं आणि माऊसशेजारी चेपलेला कागदी कप पडला होता. कपाच्या तळाशी उरलेल्या चहात एक मुंगळा मरून फुगला होता.

“शी!” गोरोबा म्हणाला.

“झालं सुरू,” भिंतीला टेकून उभा असलेला दगडोबा शिपाई म्हणाला. गालात तोबरा असल्यामुळं त्याचे शब्द ओले होऊनच बाहेर पडायचे. “आता पाच वाजंपतुर शी शी चालायचं.”

गोरोबानं खिशातली स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि एकेक बटण पुसायला घेतलं. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात तो डेटा ऑपरेटर होता, कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर, असं करत करत सोळावी ऑर्डर चालू होती. वय चौपन्न. किळस या माणसाच्या अंगातच भिनलेली. एसटीत रुमाल अंथरल्याशिवाय तो बसायचा नाही. ऑफिसात चहा प्यायचा तो घरून आणलेल्या कपात. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडालेला दिसला की हा पान सोडून उठलाच. लोक हसायचे, आणि हसण्यासारखंच होतं ते.

पण आरोग्य खात्यात नोकरी करायची आणि किळसही जपायची, हे जमवायला त्यानं एक युक्ती काढली होती. कागदावर डोळे, बटणांवर बोटं आणि डोकं तिसरीकडंच. शब्द डोळ्यांतून आत येत आणि बोटांतून निघून जात, मधे कुठं थांबत नसत. पंधरा वर्षांत त्यानं तालुक्यातल्या हजारो माणसांची दुखणी टाइप केली होती आणि त्यातलं एकही वाचलं नव्हतं.

“काका, माझी शीट उघडा जरा.”

मोनिका सिस्टर आत आली. एका उपकेंद्राची ती नर्स, तीन गावं आणि एक तांडा तिच्याकडं. सकाळी सहाची एसटी धरून आलेली दिसत होती, केसांवर धूळ बसली होती.

“बेरीज सातच यायलीय,” ती म्हणाली. “कायतरी चुकायलंय.”

“सात हायत म्हणून सात येती.”

“सात न्हाईत काका. मी स्वतः आशाताईंसंगं घरोघर फिरलेय. नुसत्या तांड्यावरच साठ-सत्तर निघतील.”

हे काम होतं ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या तपासणीचं. दसरा झाला की गावोगाव ट्रक लागतात आणि टोळ्या निघतात, कुणी कर्नाटकात, कुणी कोल्हापूरकडं. ज्या गेल्या त्या थेट उन्हाळ्यात परत. म्हणून निघायच्या आधी प्रत्येक उपकेंद्रानं बायांची यादी करून पाठवायची होती. पोटाचा, पाळीचा, कमरेचा त्रास असलेल्या बाया पन्नासावर निघाल्या, तर बाई डॉक्टर आणि सोनोग्राफीची गाडी त्या गावात येणार. पन्नासाच्या आत निघाल्या, तर ज्यांना दुखतंय त्यांनी आपल्या आपण धाराशिवला जायचं. कोण जाणार? आजपर्यंत एकही गेली नव्हती. यादी पाठवायचा आज शेवटचा दिवस होता आणि वेळ संध्याकाळी पाचपर्यंतची.

गोरोबानं शीट उघडली. दोनशे बारा बायांची नावं, वय, गाव आणि शेवटी तो रकाना. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘त्रास असल्यास १, नसल्यास ०’. खाली मात्र आकडे थोडे आणि मजकूरच फार. एका चौकटीवर त्याची नजर पडली आणि त्यानं तोंड वाकडं केलं.

“हे काय लिव्हलंय सिस्टर? शी! एक न्हायतर शून्य, एवढं साधं लिव्हता येईना आशांला?”

“कसं लिहितील?” मोनिका खुर्ची ओढून बसली. “‘त्रास हाय का’ म्हणून विचारलं की बाई पहिल्यांदा न्हायच म्हणती. ह्या बाईला दुखणं हाय असं मुकादमाच्या कानावर गेलं, तर तो त्या नवराबायकोला टोळीत घेत न्हाय. म्हणून न्हाय म्हणायचं. मग जराशानं, आमी उठायला लागलो की, हळूच कायतरी बोलून जाती. आता ती न्हाय म्हणलीय म्हणून एक लिहिता येईना, आन जे बोललीय त्येच्यामुळं शून्य लिहायला हात धजंना. मग आमच्या नागूबाईनं ठरवलं, जे ऐकलं तेच लिहायचं. बाकीच्या आशांनीबी तसंच केलं.”

“मशीन आकड्याची बेरीज करतं. अक्षराला ते धरतच न्हाय. तुमच्या नागूबाईचं सगळं लिव्हलेलं त्येच्या लेखी काहीच न्हाय.”

मोनिकानं खुर्ची पुढं सरकवली. “अक्षरं मोजताच येत न्हाईत व्हय?”

“येत्यात की.”

गोरोबाला हे मोबाईलवरच्या एका व्हिडिओतून कळलेलं होतं आणि कुणाला दाखवायची संधी कधी मिळाली नव्हती. त्यानं जरा ऐटीतच सूत्र लिहिलं, रकान्याची पहिली चौकट, शेवटची चौकट आणि पुढं अवतरणचिन्हांच्या मधे एक चांदणी. मजकूर कुठला का असेना, तो ज्या चौकटीत आहे ती मोज, आकड्याची सोडून दे, असा त्या चांदणीचा अर्थ. एंटर दाबलं.

एकशे ऐंशी.

“बघा!” मोनिका उठूनच उभी राहिली. “एकशे ऐंशी! मी म्हणलं नव्हतं?”

“थांबा. मशीन लई भाबडं असतंय.” गोरोबानं एक रिकामी दिसणारी चौकट दाखवली. “ही रिकामी दिसती ना? न्हाय. कुणीतरी आधीचं पुसायला स्पेसबार दाबलाय. ती मोकळी जागाबी मशीनला अक्षरच वाटती.”

अशा सहा निघाल्या. मग ‘निरंक’ निघाले अकरा. सरकारी तक्त्यात जागा कोरी सोडायची नाही, काही नसेल तर निरंक लिहायचं, हे आशांना इतकं घोटून शिकवलेलं की बाई घरी भेटली नाही तरी निरंक. आणि नुसतंच ‘नाही’ किंवा ‘न्हाय’ लिहिलेल्या निघाल्या वीस. सदतीस गेल्या. उरल्या एकशे त्रेचाळीस.

“ह्या आता वाचून बघाव्या लागतील,” गोरोबा म्हणाला आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं. मशीनला मजकूर मोजता येतो, वाचता येत नाही. वाचायला माणूसच लागणार, आणि माणूस म्हणून त्या टेबलाशी तोच बसलेला होता. मोनिकाला बाहेर लसीकरणाचे कागद द्यायचे होते. ती गेली. गोरोबानं स्वतःच्या कपात पाणी ओतून घेतलं आणि पहिली चौकट उघडली.

‘त्रास न्हाय. निस्तं मोळी उचलली की खालून ओढल्यागत होतंय.’

‘पांढरं जातं. सगळ्याच बायांचं जातं की.’

‘महिन्यातनं पंधरा दीस कापड लागतं. फडात बदलायला आडोसा न्हाय.’

‘अंग बाहेर येतं. हातानं आत सारते आन कोयता घेते.’

गोरोबानं कप खाली ठेवला. शी म्हणायला तोंड उघडलं, पण समोर कुणी नव्हतं, आणि एकट्यानं पडद्याकडं बघून ते म्हणणं त्यालाच विचित्र वाटलं. तो पुढं वाचू लागला.

‘पिशवी काढलीय. आता कशाचा त्रास. कंबर सोडून.’ वय लिहिलं होतं एकोणतीस.

‘सांगून काय करता?’

‘काही बोलली नाही. पदर तोंडाला लावला.’

‘हसली आन उठून गेली.’

या हसण्याशी तो बराच वेळ अडून राहिला. हसली म्हणजे एक की शून्य? मशीनला विचारून उपयोग नव्हता. त्याच्या खालची चौकट तर त्याहून अवघड होती. ‘मुकादमाला कळेल, लिहू नका म्हणाली.’ नागूबाईनं तिचं दुखणं लिहिलं नव्हतं, तिनं सांगितल्याप्रमाणं. पण लिहू नका म्हणाली, हे मात्र लिहून ठेवलं होतं. सातवी शिकलेल्या बाईनं काय अक्कल चालवली होती! गोरोबानं तिथं मनातल्या मनात एक धरला. हसलेलीलाही एक धरला.

एकशे त्रेचाळीस संपायला साडेबारा वाजले. एकही वगळण्यासारखी नव्हती. एकशे त्रेचाळीस आणि आकड्यातले सात, दीडशे. पन्नासाच्या तिप्पट. त्यानं कागदावर आकडा लिहिला आणि रणधीर सरांच्या केबिनचं दार वाजवलं.

रणधीर सर तालुक्याचे प्रमुख. माणूस तसा गोड बोलायचा. या घडीला ते पेनच्या टोपणाची दांडी कानात फिरवत होते. ती बाहेर काढून त्यांनी उजेडात धरून पाहिली, पँटला पुसली आणि टोपण पेनला बसवून पेन टेबलावर ठेवलं. गोरोबानं नजर खिडकीकडं वळवली. खिडकीच्या गजांवर लाल पिचकाऱ्या वाळल्या होत्या. या ऑफिसात नजर ठेवायला स्वच्छ जागा म्हणून नव्हती.

“दीडशे?” कागद बघून सर म्हणाले. “अहो, पूर्ण तालुक्याचे एकोणचाळीस म्हणून सकाळीच जिल्ह्याच्या ग्रुपवर टाकलंय मी. सगळ्यात कमी आपले. वरून अंगठासुद्धा आला.”

“साहेब, मशीननं अक्षरं धरली नव्हती. मी मोजली. वाचूनबी बघितली.”

“वाचली?” सर हसले. “आज काय झालं तुम्हाला? हे बघा गोरोबा, मागच्या वर्षी या उपकेंद्राच्या चार होत्या. यंदा दीडशे दाखवल्या तर वरून विचारतील, वर्षभर काय झोपा काढल्या का? आणि फॉर्मॅटमध्ये मजकूर चालतच नाही. मजकूर सिलेक्ट करायचा, डिलीट, शून्य. एका मिनिटाचं काम आहे.”

“पण साहेब, गाडी…”

“गाडीचं एवढं काय? धाराशिवला दवाखाना आहे की. आणि हे काही नवीन नाही. मागच्या वर्षी तुम्हीच तर केलं होतं.”

त्यांनी तेच पेन उचललं आणि दुसऱ्या कागदावर सही करायला घेतली. बोलणं संपलं होतं.

गोरोबा जागेवर येऊन बसला. मागच्या वर्षी? त्याला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, ही त्या युक्तीचीच करामत होती. त्यानं जुन्या मेलमधून मागच्या वर्षी उपकेंद्राकडून आलेली मूळ शीट शोधली आणि शेजारी आपण वर पाठवलेली उघडली. मूळ शीटवर तेच चांदणीचं सूत्र चालवलं. सत्त्याण्णव. मोकळ्या जागा, निरंक आणि नाही वगळून बासष्ट. बासष्ट आणि चार, सहासष्ट. वर पाठवलेल्या शीटमध्ये सूत्राचं उत्तर आलं शून्य. एकही अक्षर शिल्लक नव्हतं. रकाना वरपासून खालपर्यंत गोल गोल शून्यांनी भरलेला, आणि तळाशी लिहिलेलं, ‘माहिती भरणार: गोरोबा’. सरांचं नाव कुठंच नव्हतं.

सहासष्ट म्हणजे पन्नासाच्या वर. मागच्या वर्षी गाडी आली असती.

त्यानं मूळ शीट वाचायला घेतली. आता न वाचता राहवेना. अकराव्या ओळीत एक विठाबाई होती, वय अडतीस. ‘पोटात गाठ लागती हाताला. दुखत न्हाय.’ त्यानं यंदाच्या यादीत विठाबाई शोधली. तांड्यात नव्हती, बाकीच्या तीन गावांतही नव्हती.

मोनिका बाहेरच्या बाकावर डबा खात बसली होती.

“सिस्टर, विठाबाई म्हणून एक व्हती मागच्या यादीत. तिचं नाव ऱ्हायलंय व्हय यंदा?”

मोनिकानं घास खाली ठेवला. “ती गेली की काका. संक्रांतीच्या सुमाराला. तिकडं उसाच्या फडावर असताना. अंगावरनं जायला लागलं ते थांबंचना. ट्रॅक्टरमधे घालून दवाखान्याकडं निघाले, पर वाटंतच…” तिनं डब्याला झाकण लावलं. “तुमच्या वळखीची व्हती का?”

“न्हाय,” गोरोबा म्हणाला. “नाव टाइप केलं व्हतं.”

तो नळावर गेला आणि हात धुऊ लागला. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला. हात स्वच्छच होते, सकाळी स्पिरिटनं पुसलेले. पंधरा वर्षं तो दुसऱ्यांच्या तोबऱ्यांना, खरकट्या कपांना, तेलकट बोटांना नाकं मुरडत आला होता, आणि या ऑफिसातली सगळ्यात घाण गोष्ट त्याच्या या धुतल्या बोटांनी झाली होती, एका मिनिटात, जेवायच्या सुट्टीच्या आधी किंवा नंतर, त्याला आठवतसुद्धा नव्हतं कधी. त्याला स्वतःची किळस आली. तो नळाशीच वाकला आणि सकाळची भाकरी ओकून टाकली.

“अगं बाबौ!” दगडोबा लांबून म्हणाला. “आज कुणाचा अंगठा बघितलाव?”

गोरोबानं तोंड धुतलं, मोरी धुतली आणि जागेवर गेला. डबा उघडलाच नाही. एकेक चौकट घेऊन त्यानं तिथला मजकूर उचलला, शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवला आणि मोकळ्या झालेल्या जागी एक लिहिला. सगळं एका फटक्यात करायची सूत्रं त्याला येत होती. वापरली नाहीत. प्रत्येक ओळीशी बाईचं नाव वाचायचं, तिचं वाक्य वाचायचं, मग एक. मोनिका शेजारी येऊन बसली. मधेच एखाद्या नावाशी ती सांगायची, “हिची पोरगी माझ्याकडंच झाली,” किंवा “ही लई बोलकी हाय, पर तवा बोललीच न्हाय.” गोरोबा मान हलवायचा. शेवटचा एक लिहिला आणि खालची बेरीज आपोआप बदलली. सातचे दीडशे झाले.

चार वाजून गेले होते. त्यानं एक कोरा कागद घेतला आणि पुन्हा केबिनचं दार वाजवलं.

“झालं का?” सरांनी मान वर न करता विचारलं.

“साहेब, आकडे भरलेत. दीडशे.” गोरोबानं कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. “मजकूर काढून शून्य टाकायचं असंल तर ह्याच्यावर दोन वळी लिव्हून द्या. एकशे त्रेचाळीस बायांचं म्हणणं काढून टाकावं म्हणून. तारीख घाला, सही करा. मी लगीच काढतो.”

सर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरचा हसत नाही.

“लेखी? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? असलं कुणी लेखी देतं का?”

“अर्ध्या दिसाची रजा मागितली तरी तुमी म्हणताव, लेखी द्या.”

“ते वेगळं.”

“व्हय साहेब, ते वेगळं. मागल्या साली तोंडी सांगितलेलं केलं. त्या शीटखाली माझं नाव हाय. त्या यादीतली एक बाई संक्रांतीला मेली. गाडी आली असती.”

रणधीर सरांनी पेन उचललं. टोपण काढलं. कागद स्वतःकडं ओढला. गोरोबा बघत होता, त्या पेनकडं आणि त्या बोटांकडं, नजर न वळवता. सरांनी पेन कागदाला टेकवलंसुद्धा, एक निळा ठिपका उमटला. मग त्यांनी टोपण लावलं आणि कागद परत सरकवला.

“तुमची ऑर्डर तीस तारखेला संपते ना?”

“व्हय.”

“पुढच्या ऑर्डरवर सही माझीच लागते. माहीत आहे ना?”

“माहीत हाय की साहेब. सोळा येळा घेतलीय.”

तो कागद उचलून बाहेर आला. शीट वर पाठवायच्या बटणावर त्यानं बोट ठेवलं. ऑर्डर गेली म्हणजे चौपन्नाव्या वर्षी नवी नोकरी कोण देणार होतं? पण बटण दाबलं. एकदा शीट गेली की तिला कुलूप लागायचं. ते उघडायचं तर तालुक्यानं जिल्ह्याला पत्र द्यावं लागे, कारण लिहून. तसं पत्र रणधीर सर कधीच देणार नव्हते.

“गेली?” मोनिकानं विचारलं.

“गेली.”

तिनं त्याच्याकडं बघितलं. बहुधा आतलं बोलणं तिच्या कानावर आलं होतं. “काका, तुमचं आता कसं?” एवढंच ती म्हणाली.

“तुमी जावा सिस्टर. साडेपाचची एसटी चुकंल.”

गोरोबा स्वतः घरी जायला ढोकीच्या एसटीत बसला तेव्हा सहा वाजत आले होते. कारखान्याच्या फाट्याशी मोबाईल वाजला. मोनिकाचा फोन होता. मागं बायांचा गलका ऐकू येत होता. “काका, मेसेज आला आत्ताच! पुढच्या गुरुवारी गाडी यायलीय, बाई डॉक्टरसुद्धा. टोळ्या जायच्या आधी व्हतंय सगळं.” गोरोबा बरं म्हणाला. त्याला बरं वाटलंही. पण विठाबाईचं नाव त्याच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि त्या गुरुवारनं तिच्या बाबतीत काही फरक पडणार नव्हता.

घरी पोचला तेव्हा ओसरीवर त्याची बायको सिताबाई सुपात तूर पाखडत बसली होती. लेक लातूरला नोकरीला, घरात दोघंच. त्याला बघून ती पाणी आणायला उठली. आधी एक हात जमिनीला टेकवला, मग दुसरा भिंतीला, मग गुडघा सरळ केला आणि क्षणभर तशीच डोळे मिटून उभी राहिली. गोरोबानं हे रोज पाहिलं असणार. पण आज ते त्यानं वाचलं.

“सिताबाई, तुला काय त्रास हाय का?”

“कसला?”

“असाच. बाईमाणसाचा.”

“मला काय व्हतंय? न्हाय,” तिनं तांब्या त्याच्या हातात दिला आणि पुन्हा सुपाशी बसली.

पहिल्यांदा न्हायच म्हणणार, हे गोरोबाला सकाळी कळलं होतं. तो बसून राहिला. तूर सुपात सरसरत होती. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

“सांग की,” तो म्हणाला.

“आज काय नवीनच?” सिताबाईनं सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. मग त्याच्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात, शेजारणीचं सांगावं तसं म्हणाली, “धा वर्सांमागं सांगितलं व्हतं तुमाला. हितंच बसला व्हताव. अंग बाहेर येतंय म्हणलं, जरा दवाखान्यात न्हेता का. तुमी शी म्हणलाव आन उठून गेलाव.”

“मला आठवत न्हाय गं.”

“तुमाला कुठनं आठवंल?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “पुना म्या काढलंच न्हाय. फडकं बांधते. सवय झाली आता.”

“गुरुवारी गाडी येणार हाय तिकडं, डॉक्टरीणबाईची. आपुनबी जाऊ. न्हायतर उद्याच धाराशिवला जाऊ.”

“बघू,” सिताबाई म्हणाली. सुपातली तूर तिनं डब्यात ओतली, झाकण दाबून बसवलं, भिंतीला धरून उठली आणि आत गेली.

गोरोबा ओसरीवरच बसला. ऑर्डरचं तिला सांगायचं राहून गेलं होतं. आतून पीठ मळल्याचा आणि मग भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. तो आवाज मधेच थांबे आणि जरा वेळानं पुन्हा सुरू होई. गेली दहा वर्षं रोज संध्याकाळी तो असाच थांबत असणार.